आडव्या पुसलेल्या बारा काचा

शिमोसुवा, २१ नोव्हेंबर १९७३

रित्सुको,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची चौकशी करावी, असं शाळेत आपल्याला शिकवलं होतं. तर इथे थंडी पडली आहे. तेलाची टंचाई म्हणून कारखान्यातल्या शेगड्या अर्ध्यावर आणल्यात, आणि बायका संडासाच्या कागदासाठी दुकानांपुढे रांगा लावताहेत. तुमच्या कुमामोतोला एवढा गारठा नसेल. झालं हवापाणी.

दोन वर्षांनी लिहिते आहे ते आईनं सांगितलं म्हणून. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. रेशमाच्या गिरणीत बाराव्या वर्षापासून वाफेत डोळे घालून बसली, त्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणतात. तिला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते. बरी आहे. जेवते. लोणच्याचा मुळा मीच दगडाखाली दाबला यंदा, तिनं फक्त मीठ कमी पडलं म्हणून सांगितलं.

चिदोरी घड्याळ-कारखान्याचं मासिक आलं. तुझा फोटो मधल्या पानावर आहे. पांढरी टोपी, मागे तुझ्या हाताखालच्या चाळीस मुली, आणि खाली छापलंय, ‘हिच्या हातांनी काचेवर आकडे उमटले.’ आईनं मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा शेजारच्या ओगुची आजींना बोलावून घेतलं. मग म्हणाली, “रित्सूची बोटं लहानपणापासूनच हलकी. मित्सुएचा हात जड.” मी तिथेच बसले होते, मासिक हातात धरून.

मला त्याचं काही नाही. फक्त एक आठवण करून देते. काचा पुसायच्या बाकावर मी तुझ्याआधी आठ वर्षं बसत होते. कापसाचं फडकं बोटाला कसं गुंडाळायचं, श्वास कसा बाजूला सोडायचा, हे तुला मी शिकवलं. आरुगासाहेब नव्या प्रयोगशाळेसाठी एक बाई निवडायला आले, तेव्हा त्यांनी आपल्या दोघींना दहा-दहा काचा दिल्या. माझ्या नऊ चांगल्या निघाल्या. तुझ्या दहा. एका काचेनं तू वर गेलीस. त्या दिवशी घरी येताना तू पुलावर थांबलीस आणि म्हणालीस, “ताई, तू ‘नाही म्हण’ म्हणालीस तर मी नाही म्हणेन.” मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. असं विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? तुलाही ते ठाऊक असणार.

असो. तुझ्या यशाचा आम्हाला अभिमान वाटतो. आईला उत्तर लिही. मला वेगळं लिहायची गरज नाही.

मित्सुए

*

शिमोसुवा, ९ जानेवारी १९७४

रित्सुको,

पार्सल पोचलं. घड्याळ शाबूत आहे. मला पाठवलेला लोकरी मफलरही मिळाला, रंग चांगला आहे. मी वापरत नाही.

आईनं घड्याळ त्याच क्षणी मनगटावर चढवलं. ते काढत नाही, अंघोळीच्या वेळीच तेवढं मला काढू देते. आणि तिला त्यातलं काही दिसत नाही, रित्सुको. राखाडी काचेवर काळे आकडे, ते तुझ्यामाझ्या डोळ्यांना. तिला नुसता पुसट तुकडा दिसतो. म्हणून ती मला विचारते, “मित्सुए, रित्सूच्या घड्याळात किती वाजले?” स्वयंपाकघरात भिंतीवर दहा वर्षांचं घड्याळ आहे, ठोके देतं. मी तिकडे बघून साडेदहा सांगितलं तर म्हणते, “तिकडचं नको, यात बघून सांग.” मग मी हातातली वाटी ठेवते, जाते, तिचं मनगट धरते, खिडकीकडे वळवते आणि तुझे आकडे तिला वाचून दाखवते. दिवसातून पंधरा-वीस वेळा. काल तिनं मला भाताच्या वाफेतून उठवलं. बारा वाजून सात मिनिटं अकरा सेकंद, असं मी ओरडून सांगितलं. तिला ओरडण्याचा सूर कळला नाही. म्हणाली, “सेकंदसुद्धा दाखवतं?”

गेली अकरा वर्षं तिचे पाय मी चेपते. तिनं माझ्या कुठल्या वस्तूला असं धरून ठेवलेलं मला आठवत नाही.

बत्तीस पुरी झाली मला. तळ्याच्या पलीकडच्या काठावरून सोयरीक आली होती, ती का मोडली हे तुला माहीत आहे. सासरी आईला घेऊन येऊ देत नव्हते. त्या वर्षी तू चोवीसची होतीस आणि कुमामोतोला जायच्या कागदावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारून मोकळी झाली होतीस.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहूनच टाकते. तुझ्या निरोपाच्या जेवणात मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. मी म्हटलं होतं, “रित्सुकोला लहानपणापासून दुसऱ्याच्या वस्तू वापरायची सवय आहे.” सगळे हसले, त्यांना वाटलं मी कपड्यांबद्दल बोलते आहे. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर आले नाही. तू तेव्हापासून मला एक ओळ लिहिली नाहीस, म्हणजे तुला ते लागलं. का लागलं, ते मी सांगते.

तू खोटं बोललीस.

एकाहत्तरचा फेब्रुवारी. तळं गोठलं होतं. त्या आठवड्यात आरुगासाहेब नव्या बाटलीतला पिवळसर द्रव भरून बघत होते. दोन चौकोनी काचा, टपालाच्या तिकिटाएवढ्या, मध्ये केसाहून बारीक फट, त्या फटीत तो द्रव. काचा आतल्या बाजूनं ज्या दिशेनं पुसू, त्या दिशेला तो द्रव निजतो, गवतावरून हात फिरवावा तसा. म्हणून खालची आणि वरची काच एकाच दिशेनं पुसायची, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम. वीज दिली की द्रव दुधासारखा गढूळ व्हावा आणि आकडा दिसावा, एवढं त्यांना हवं होतं. तेही महिनोन्‌महिने धड होत नव्हतं. वीजच इतकी लागायची की मनगटावर बॅटरीऐवजी पेटारा बांधावा लागला असता.

त्या बुधवारी बारा जोड्या तयार झाल्या. साहेबांनी त्या गॉगलच्या काचेसारख्या दोन काळ्या फिल्मांमध्ये धरून तपासल्या. पुसणं सरळ असेल तर जोडी फिरवताना एका जागी अंधार व्हायला हवा. झाला नाही. बाराच्या बारा, कशाही फिरवा, उजेड येतच राहिला. साहेब सगळ्यांसमोर तुला म्हणाले, “हानाओका, ही काय थट्टा आहे? वाकडं पुसलंय सगळं.” तुझा चेहरा पांढरा पडला होता, असं मला लोकांनी सांगितलं. मग साहेबांनी रागारागानं, टाकून द्यायच्या आधी म्हणून, त्यातल्या एकीला तारा लावल्या. घड्याळात बसतील अशा दोन बारक्या बॅटऱ्यांवर. आणि काच काळी झाली. तार काढली, उजळली. लावली, काळी. छापल्यासारखी.

सगळी खोली गोळा झाली. साहेबांनी वळून विचारलं, “काय केलंस तू?”

तू म्हणालीस, “वरच्या काचा मी आडव्या पुसल्या. करून बघावंसं वाटलं.”

सहा महिन्यांनी कळलं की परदेशात कुणीतरी ही युक्ती दोन-अडीच महिने आधीच नोंदवली होती. म्हणून पेटंट मिळालं नाही. पण आपल्या कारखान्यात ती तुझी राहिली. तिच्यावर तुला बढती, कुमामोतो, चाळीस मुली, मधल्या पानावरचा फोटो.

आणि तू त्या काचा आडव्या पुसल्या नव्हत्यास. मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते मी लिहिणार नाही.

मित्सुए

*

शिमोसुवा, १७ फेब्रुवारी १९७४

रित्सुको,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं वाचलं असेल तर त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. “ताई, मी खोटं बोलले. तुला ते कसं माहीत, ते आधी लिही. मग मी लिहीन.” आईला मी ते वाचून दाखवताना म्हटलं, रित्सू मजेत आहे, तिकडे मोहोर आलाय. मीही खोटं बोलू शकते.

गेले पंधरा दिवस मी रोज कागद काढते आणि ठेवते. यंदा तळं गोठलं, पण बर्फाला देवाच्या वाटेची ती मोठी भेग काही पडली नाही. देव या काठावरून त्या काठाला गेलेच नाहीत, अशी ओगुची आजींची कुरकुर चालू आहे. मी हे सगळं लिहिते आहे ते पुढचं लिहायचं टाळायला, हे तुला कळलंच असेल.

मंगळवार होता. जेवणाची सुट्टी झाली. सगळे खाली गेले. मी तुमच्या खोलीत तुला बोलवायला आले होते; आईनं तुझ्या डब्यात गोड उकडलेले तळ्यातले मासे घातले होते, आणि माझ्या डब्यात नव्हते. थोडेच होते, असं ती म्हणाली होती. मला वाटलं, चल, अर्धे मागून घेऊ, हसत हसत. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर तुझा ट्रे होता. बारा खालच्या, बारा वरच्या. झाकण लावलेला, वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, “पुसून झाल्या. उद्या जोडायच्या.” अक्षर किती टापटीप. बाजूला काच टेकवायची तुझी उशी, तुझं फडकं, तुझा दिवा, तुझा डबा. दिव्याखाली बसायला गादीची खुर्ची. आमच्या बाकावर लाकडी पाट होता, आठवतं ना?

मी बसले त्या खुर्चीत. नुसती बसून उठणार होते, खरं सांगते. मग झाकण काढलं. खालच्या काचा तशाच ठेवल्या. वरची एक घेतली, तुझं फडकं बोटाला गुंडाळलं आणि आडवी पुसली. उभ्यावर आडवी. दहा वेळा, दाबून, म्हणजे तुझं पुसणं पार निघून जावं. मग दुसरी घेतली. काय करते आहे, हे मला पहिल्या काचेपासून स्पष्ट कळत होतं. रागाच्या भरात झालं, असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. पण बारा काचांना वेळ लागतो, रित्सुको. सहावीनंतर माझा हात थांबला होता. मग मला तुझ्या डब्यातल्या माशांचा वास आला आणि मी सातवी घेतली.

मला एवढंच हवं होतं की एकदा, एका दिवसापुरती, तुझी बोटं जड ठरावीत. सगळ्यांसमोर. आणि संध्याकाळी तू घरी येऊन रडावंस आणि मी तुझी समजूत घालावी.

बुधवारी काय झालं ते तुला माहीत आहे. मी खालच्या बाकावर कान देऊन बसले होते. वरून पळतच कुणीतरी आलं आणि म्हणालं, “हानाओका, तुझ्या बहिणीनं काहीतरी शोधून काढलं.”

मला त्या क्षणी धावत वर जाऊन ओरडावंसं वाटलं, ती माझी काच आहे. पण ओरडून सांगणार काय? मी तोडफोड करायला आले होते आणि हातून हे झालं, असं? तुझं वाईट व्हावं म्हणून मी जो हात फिरवला, त्यानंच तुझं भलं केलं. तीन वर्षं मी हे गिळून आहे. आईच्या मनगटावर मी दिवसातून वीस वेळा माझाच हात वाचते आणि तिला सांगते, रित्सूच्या घड्याळात इतके वाजले.

आता तू लिही. तू ते तुझं आहे असं का म्हणालीस? साहेबांच्या नजरेत चढायला? एवढंच ना?

ताई

*

शिमोसुवा, १४ एप्रिल १९७४

रित्सू,

तुझं पत्र येऊन महिना झाला. मी ते शिवणाच्या डब्यात ठेवलं आहे. आईनं विचारलं, मोठं पत्र आहे का? म्हटलं, हो, सात पानी. काय लिहिलंय? म्हटलं, कामाचं लिहिलंय.

तू लिहिलंस की तू जेवायला जाऊन डबा विसरला म्हणून परत आली होतीस, आणि दाराच्या काचेतून मला पाहिलंस. कितव्या काचेपासून, ते लिहिलं नाहीस. मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचते. तू उभी होतीस आणि आत आली नाहीस. “माझ्या खुर्चीत तू बसलेली पाहिलं आणि मला वाटलं, ही हिचीच होती, पुसू दे,” असं तू लिहितेस. दुसऱ्या दिवशी तू त्या काचा बदलूही शकली असतीस. बदलल्या नाहीस. ओरडा खायला तयार होऊन गेलीस.

आणि “साहेबांनी विचारल्यावर मी नाही म्हणाले असते तर चौकशी झाली असती, तुला काढलं असतं, म्हणून मी म्हटलं की मी पुसल्या,” असं तू लिहिलंस. इथवर वाचून मी कागद खाली ठेवला होता. रडणार होते. पण तू पुढे आणखी लिहिलंस, ते बरं केलंस. “ताई, मला मोठी करू नकोस. तुला काढलं असतं तर आईजवळ राहायला मला लागलं असतं. मला जायचं होतं. आणि मग लोक कौतुक करायला लागले, ते मला आवडायला लागलं. पहिल्या वर्षी वाईट वाटायचं. दुसऱ्या वर्षी मलाच वाटायला लागलं की मीच पुसल्या.” हे वाचून मी रडले नाही. खूप वेळानं मला तू ओळखीची वाटलीस.

आता मी काय केलं ते सांगते. गेल्या सोमवारी मी आरुगासाहेबांकडे गेले. ते आता विभागाचे प्रमुख आहेत, केस विरळ झालेत, सिगारेट तशीच. उभ्यानंच सगळं सांगितलं. तू पाहिलं होतंस, हे सांगितलं नाही. ते तुझं तू ठरव. मला वाटलं, आता म्हणतील उद्यापासून येऊ नका. त्यांनी विचारलं, “फडकं कुठलं होतं?”

म्हटलं, तिचंच. कापसाचं.

“किती वेळा?”

“दहा. दाबून.”

“दाबून,” ते म्हणाले, आणि खाली लिहून घेतलं. “तिच्या हातची नंतरची कुठलीच काच त्या बारांइतकी काळी झाली नाही. दोन वर्षं आम्ही द्रवात दोष शोधत होतो.”

मग कपाटातून त्यांनी एकाहत्तरची वही काढली. त्या बुधवारच्या पानावर तुझं नाव होतं. ते म्हणाले, “हानाओकाबाई, मला दोन कागद करता येतील. एक, तुम्ही कारखान्याच्या कामात मुद्दाम बिघाड केलात. दुसरा, तुम्ही हे केलंत. कुठला करू?”

मी म्हटलं, दोन्ही करा.

त्यांनी पानावरच्या तुझ्या नावावर रेघ मारली, पण वाचता येईल अशी, आणि बाजूला माझं लिहिलं. मी माझा शिक्का उमटवला. तो जरा तिरका उमटला. पेटंट परक्यांचंच आहे, त्यामुळे बाहेर कुणाला या रेघेचं काही नाही. मला तीन महिने पॅकिंगला पाठवलं आहे, लेखी ताकीद देऊन. त्यानंतर वरच्या खोलीत, नव्या मुलींना दाबून पुसायला शिकवायला. पॅकिंगमधल्या बायका विचारतात, काय गुन्हा केलास? मी सांगते, काच पुसली.

मला वाटलं होतं, हे केल्यावर माझं काळीज थंड होईल. सोमवारी संध्याकाळी झालं होतं. मंगळवारी सकाळी आईनं विचारलं, रित्सूच्या घड्याळात किती वाजले, आणि पुन्हा तेच. मी तिला सगळं सांगितलं. अगदी सावकाश, माशांपासून ते तू दाराच्या काचेतून पाहिलंस तिथपर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हे तुझं?” आणि मनगटावर दुसऱ्या हाताची बोटं फिरवली. मी वाट पाहत होते. ती म्हणाली, “तरी रित्सू गप्प राहिली. पोर मोठ्या मनाची.”

बघ. इथेही तूच. मी खरं लपवलं तेव्हा तू वर गेलीस, आणि खरं बोलले तेव्हाही. तुझ्या मोठ्या मनाचाही मला मत्सर वाटतो, आणि ते मन फारसं मोठं नाही हे मला पत्रातून ठाऊक असूनही वाटतो. तू लिहिलेलं ते आईला मी वाचून दाखवणार नाही. ते माझ्याजवळ राहू दे.

मेमध्ये तुम्हाला आठवड्याची सुट्टी असते. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन सहा तारखेला ठरलं आहे. पट्टी दहाला सोडतील. डॉक्टर म्हणाले, घरचं कुणीतरी समोर असावं.

तू समोर असशील तर ती पहिल्यांदा तुझ्याकडे बघेल. तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते मला बाजूला उभं राहून बघावं लागेल. त्याची मी तयारी केली आहे असं लिहिलं तर खोटं होईल. ये, एवढंच लिहिते.

ताई